पळसाच्या पानांचा नवरा

चामराजपेट, बंगळूर
७ मे १९६१

अहो,

पत्र पोचलं. बोटीवर ओकून ओकून जीव नकोसा झाला असं तुम्ही लिहिलंत, ते मी मामंजींना वाचून दाखवलं नाही. समुद्र ओलांडणाऱ्याचं असंच व्हायचं, असं म्हणायला त्यांना आयतं निमित्त मिळालं असतं. 'कांगोला सुखरूप पोचलो' एवढंच वाचलं. त्यांनी पंचांगातून मान वर न करता 'सरी' म्हटलं. म्हणजे ऐकलं.

मुलानं बी.एस्सी. अर्धवट सोडून पलटणीत वायरलेस दुरुस्त करायला जावं, हेच त्यांना अजून पचलेलं नाही, त्यात ही समुद्रयात्रा. भीमाचार्य परवा सांगून गेले की परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागेल. मी म्हटलं, 'आचार्य, यांना सरकारनं पाठवलं. प्रायश्चित्त सरकारनं घ्यायला नको का?' आचार्य हसले. तुमचे वडील हसले नाहीत. सत्यवती तोंडाला पदर लावून आत पळाली. तुमच्या बहिणीला आता हसूसुद्धा आवरावं लागतं, कारण तिला बघायला म्हैसूरची मंडळी येणार आहेत.

तुम्ही तिथलं जे लिहिता ते मला पुन्हा पुन्हा वाचावं लागतं. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं नाही तोच देशाचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्याचं निराळं सरकार, निराळं निशाण, आणि जो तो स्वतःची फौज उभी करतोय. पगार थकला की शिपाई टोपी बदलून पलीकडे जातात. फुटून निघालेल्या कटांगावाल्यांकडे माणसं पुरत नाहीत म्हणून ते गोरे शिपाई भाड्यानं आणतात. आणि या सगळ्यांच्या मध्ये तुम्ही युनोची निळी टोपी घालून उभे. आधी बंदूक चालवायची नाही असा हुकूम. मग तुम्हाला तिथं बघायला पाठवलंय का?

तुमचं नाव वरून आलं, तुम्ही मागितलं नाही, असं तुम्ही निघताना म्हणालात. आलं असेल. वर्षभराचं काम, पुढच्या चैत्रात उगादीला घरी, असंही म्हणालात. ते मात्र मी लक्षात ठेवलं आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यात तुम्ही घरी किती राहिलात ते मी मोजत नाही. मोजलं तर भांडण होईल आणि भांडायला तुम्ही इथं नाही.

तुमची,
वसुमती

*

चामराजपेट, बंगळूर
३ सप्टेंबर १९६१

अहो,

सत्यवतीचं जमलं. मुलगा म्हैसूरला शिक्षक आहे, नाकीडोळी बरा, बोलतो कमी. सत्या खूश आहे आणि ते लपवताना तिची त्रेधा उडते. तुम्ही मामंजींना दोन ओळी लिहा. मला लिहिता त्यात 'वडिलांना नमस्कार' असं शेवटी टाकता, ते त्यांना पुरत नाही. ते बोलून दाखवत नाहीत, पण पोस्टमन आला की चष्मा शोधतात.

काही देशांनी आपली माणसं परत नेली, त्यांचं ओझं तुमच्यावर आलं, तिघांचं काम एकटा करतो, असं लिहिलंत. हे साहेबांना सांगा ना. मला सांगून मी काय करू, इथून तारा जोडू? तसं तुम्ही लिहिता त्यात तक्रारीपेक्षा ऐटच जास्त दिसते. 'माझ्याशिवाय इथं पान हलत नाही.' घरी कधी तुमच्याशिवाय पान हललं नाही असं तुम्हाला वाटलं का, हे एकदा विचारायचं आहे. आल्यावर विचारीन.

रेडिओवर तुमच्या त्या एलिझाबेथव्हिल गावाचं नाव ऐकलं की मामंजी आवाज वाढवतात आणि बातमी संपली की बंद करतात. पुढची भावगीतं आम्हाला ऐकायला मिळत नाहीत. ते नुकसान तुमच्या खात्यावर.

पोटभर जेवा. तुमच्या मेसमधल्या डाळीबद्दल लिहिलंत ते वाचून गंगव्वासुद्धा भांडी घासता घासता हळहळली.

तुमची,
वसुमती

*

चामराजपेट, बंगळूर
२५ नोव्हेंबर १९६१

अहो,

हे पत्र कोण वाचणार मला माहीत नाही. पत्ता तोच घातला आहे. तुमच्या पलटणीनं पत्ता बदलल्याचं अजून कळवलेलं नाही.

सप्टेंबर संपता संपता तार आली. हवालदार प्राणेश जीपसकट बेपत्ता, मारला गेला असावा. मामंजींनी ती उभ्यानंच वाचली आणि मग खांबाला धरून खाली बसले. मी म्हटलं, 'असावा' लिहिलंय, 'गेला' असं लिहिलेलं नाही. त्यावर ते म्हणाले, "वसुमती, मी जन्मभर कचेरीत हेडक्लार्क होतो. असले कागद मीच लिहिले. सरकार 'असावा' म्हणतं तेव्हा 'आहे' असं समजायचं."

त्यानंतर महिनाभर घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मग म्हैसूरहून सत्यवतीच्या होणाऱ्या सासरचा निरोप आला. येत्या माघात आठ ग्रह एका राशीत येणार आहेत ना, त्याची सगळीकडे भीती आहे. जग बुडणार म्हणतात. त्यांचं म्हणणं, लग्न त्याच्या आत, धनुर्मास लागायच्याही आत उरकायचं, नाहीतर मोडलं समजा. जग बुडणार असेल तर लग्न कशाला हवं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता अडचण तुमची झाली. तुम्ही ना धड जिवंत, ना धड मेलेले. लग्नाच्या मांडवात अक्षता पडता पडता नक्की तार आली तर सुतक. भीमाचार्य म्हणाले, "राव, परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघावी, असं शास्त्र आहे. स्वल्प थांबू या की."

"तो परागंदा नाही. तार आलीय. तार म्हणजे वार्ता. वार्ता आली की क्रिया करायची, हेही शास्त्रच आहे."

"तारेत पक्कं नाही की हो, राव."

"आचार्य, माझी मुलगी घरात राहील. तुम्ही घ्याल का जबाबदारी?"

आचार्यांनी पंचांग ओढलं. सत्यवती दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि खरं सांगते, तिनं बघू नये असंच मला वाटत होतं.

मग श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी जाऊन तुमची क्रिया झाली. देह नसला की पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ. बायकांनी जायचं नसतं. मामंजी परत आले तेव्हा मी विचारलं, कसा दिसत होता? ते म्हणाले, 'लहान.' एवढंच. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मला त्यांचा राग आला होता, पण त्या दिवशी मी त्यांना दूध नेऊन दिलं.

दहाव्या दिवशी माझ्या बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र गेलं. शेजारच्या विमलाबाई धाय मोकलून रडल्या, गंगव्वा रडली. मी रडले नाही म्हणून लोक मला दगड म्हणत असतील. तुम्ही मेलात असं मला वाटतच नाही. प्रेमाची वगैरे खूण म्हणून नव्हे. तुम्ही आजवर कुठलीच गोष्ट वेळेवर केली नाहीत, मरणच तेवढं कसं वेळेवर कराल?

पळसाच्या पानांचा नवरा जाळून आले आणि मी विधवा झाले. पुढच्या महिन्याच्या तेराला लग्न आहे. मी कोठीघरात बसायचं आहे, पुढं यायचं नाही. पत्र मिळालं तर कळवा. कुठल्याही टोपीत असा, कळवा.

वसुमती

*

चामराजपेट, बंगळूर
११ फेब्रुवारी १९६२

अहो,

जग बुडालं नाही. पाच तारखेला सकाळी दूधवाला नेहमीसारखा पाणी घातलेलं दूध घेऊन आला तेव्हाच मला कळलं.

आधी तुमच्या पलटणीची तार आली, मग तुमचं पत्र. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही, डोक्यावर बसाल. तुम्हाला पकडणाऱ्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं की आपण कुठल्या सरकारचे. रोज सकाळी रेडिओ लावून बघायचं, आज आपल्या गावात कुणाचं राज्य आहे, आणि रेडिओ बिघडलेला! बंदूक धरणारे होते, तार जोडणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी तुम्हाला मारलं नाही, कामाला लावलं. इतके दिवस मी तुमच्या त्या पक्कड-तारांना नावं ठेवली. आता ठेवणार नाही. त्यांनीच तुम्हाला जगवलं.

मामंजी तार वाचून देवघरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी दाराशी उभी राहिले तर आत हुंदके ऐकू येत होते. बाहेर आले ते 'आचार्यांना बोलवा' म्हणतच.

आता निर्णय ऐका. ज्याची क्रिया झाली तो मेलाच, असं शास्त्र. तो परत आला तर त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. म्हणजे तुम्हाला तुपानं न्हाऊ घालतील, मग बारशापासून मुंजीपर्यंत सगळे संस्कार ओळीनं करतील. शेवटी लग्न. तीच बायको हयात असेल तर तिच्याशीच, नसेल तर दुसरी करता येते. मी आचार्यांना म्हटलं, मी हयात आहे. ते म्हणाले, "गोत्तु, गोत्तु अक्का, ठाऊक आहे. म्हणूनच अडचण नाही."

तार आली त्याच संध्याकाळी मी कपाळाला कुंकू लावून बाहेर आले. मामंजी ओरडले नाहीत. म्हणाले, "वसुमती, स्वल्प थांब. तो येऊ दे. विधी होऊ दे. नाहीतर लोक म्हणतील, क्रिया खोटी केली, म्हणजे सत्याचं लग्नही फसवून लावलं. तिला सासरी नांदायचंय की." हात जोडून म्हणाले हो. माझ्या सासऱ्यांनी मला हात जोडले. मी पुसलं.

तुमच्यासाठी थांबले, त्यांच्यासाठी नाही. तुम्ही या. तुपात बसा, मुंज लावून घ्या, हवं तर भिक्षा मागा, मी घालीन. मला हसू येतं आणि रडूही येतं. मला तुम्ही हवे आहात, एवढं साधं मी तीन वर्षांत कधी बोलले नाही, ते आता लिहिते आहे. सुटलेल्या माणसाला आधी घरी पाठवतात असं गल्लीतले उमाजी सुभेदार म्हणाले. मग महिन्याभरात याल ना?

तुमची,
वसुमती

*

चामराजपेट, बंगळूर
१४ ऑगस्ट १९६२

अहो,

उगादी होऊन गेली. तुमच्या जागी दुसरी माणसं आली असं वर्तमानपत्रात वाचलं. तुमच्या पत्रात पुन्हा तेच: माणसं कमी आहेत, मेकॅनिक मिळत नाहीत, साहेब सोडत नाहीत. साहेबांना बायको आहे का?

शुक्रवारी विमलाबाईंकडे वरमहालक्ष्मीची पूजा होती. मी जाणार नव्हते, त्याच येऊन ओढून घेऊन गेल्या. ओळीनं सगळ्यांना हळदकुंकू लावत माझ्यापर्यंत आल्या आणि करंडा पुढे केला. मग मागे घेतला. मग पुन्हा पुढे. सगळ्या बायका बघत होत्या. त्यांनाही कळेना, मलाही कळेना. शेवटी त्यांनी मला नुसती हळद लावली आणि ब्लाउजपीसच्या ऐवजी हातावर केळं ठेवलं. बिचाऱ्यांचा काय दोष? 'जिवंत नवऱ्याची विधवा' हिला काय द्यायचं ते कुणाच्या आजीनं सांगून ठेवलेलं नाही.

मी ते केळं तिथंच सोलून खाल्लं.

मी जूनपासून टेलिफोनच्या कारखान्यात जाते, हे तुम्हाला दोन पत्रांपूर्वी लिहिलं होतं. तुम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाहीत. सकाळी कारखान्याची बस येते. बारीक तारांना डाख लावायचं काम आहे, माझा हात चांगला बसला. तिथं मी मिसेस वसुमती आहे, कपाळाला कुंकू असलेली. बसमध्ये चढले की लावते, चामराजपेटेच्या कोपऱ्यावर उतरण्याआधी पुसते. रोज. मामंजींना माहीत आहे असं मला वाटतं, कारण रुमालाला लाल डाग दिसला तेव्हा त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

पत्रं जरा मोठी लिहा. डाकेच्या तारखेपेक्षा मजकूर कमी असतो.

वसुमती

*

चामराजपेट, बंगळूर
९ डिसेंबर १९६२

अहो,

चिन्यांनी काय केलं ते तुम्हाला तिथं कळलंच असेल. इथं कारखान्यात दोन पाळ्या चालतात, आम्ही फौजेसाठी फोन जोडतो. शहरभर सभा. चौकात टेबल मांडून बायका बांगड्या काढून देतात. विमलाबाईंनी दोन पाटल्या दिल्या आणि माझ्याकडे वळून बघितलं. मी म्हटलं, माझ्या आधीच काढून घेतल्यात.

पलटणीला माणसं कमी पडली म्हणून पेन्शनीत गेलेल्या उमाजी सुभेदारांना नवी पोरं कवायतीला लावायला परत बोलावलं. त्यांना जिना चढता येत नाही. गुडघ्याला पट्टा बांधून, मिशीला तेल लावून गेले बघा! इथं लंगडी माणसं पुरवून घेतायत, आणि धडधाकट माणूस परदेशाच्या भांडणात. तुमच्या साहेबांना अजूनही तुमच्यावाचून चालत नाही का? मी खोचून विचारत नाही. म्हणजे, खोचूनच विचारते आहे.

मामंजींचा खोकला हटत नाही. परवा त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "तो माझ्यावर रागावलाय का ग? म्हणून येत नाही का? त्याला लिही, त्याला पटत नसेल तर विधी नको. लोकांचं मी बघून घेतो. तू कुंकू लाव."

हे त्या माणसाला म्हणायला किती जड गेलं असेल, तुम्ही जाणता. मी म्हटलं, छे हो मामंजी, रागबिग काही नाही, तिथं माणसंच कमी आहेत. त्यांना सोडतच नाहीत. तेव्हा त्यांना बरं वाटलं. 'कामाचा आहे पोरगा,' म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले.

कुंकू मात्र मी लावलं नाही. आता मला तुमच्या हातून लावून घ्यायचं आहे.

वसुमती

*

चामराजपेट, बंगळूर
१७ मार्च १९६३

अहो,

तुमचे मित्र नंदकिशोर येऊन गेले. पुण्याचे, तुमच्याच तुकडीतले, पलटण सोडून आता इथल्या विमानाच्या कारखान्यात लागलेत. मी चहा केला, चकल्या पुढे ठेवल्या. तुमच्याबद्दल कुणी बोलेल याची मला इतकी भूक होती की पहिला अर्धा तास मी नुसती ऐकत बसले.

ते वाईट माणूस नाहीत. त्यांना वाटलं, मला सगळं ठाऊकच आहे.

"वहिनी, तुमचा नवरा एक नंबर माणूस. आम्ही त्याला स्वर्गवासीच म्हणायचो! मागच्या एप्रिलमध्ये रिलीफ आली ना, तेव्हा दोन मेकॅनिक शॉर्ट होते. साहेबांनी परेडवर विचारलं, कोणी व्हॉलंटियर? सक्ती नाही, ज्याला घरी जायचंय त्यानं जावं. आम्ही सगळे बॅगा बांधून तयार. आणि हा एकटा पुढे! साहेब म्हणाले, तू कैदेतून आलास, तुझा पहिला हक्क. तर हा म्हणतो, सर, मेलेल्या माणसाला कसली घाई? सगळी परेड हसली, वहिनी. साहेबसुद्धा."

मी विचारलं, आणि नोव्हेंबरमध्ये, चिनी लढाईच्या वेळी?

"तेव्हाही हाच. जातोस का म्हणून साहेबांनी विचारलं होतं त्याला, तिथल्या पोरांनी मला लिहिलं. नाही म्हणाला."

मग चकली खात ते म्हणाले, "पण तुमचं ते पत्र, वहिनी! पळसाच्या पानांचं. मेसमध्ये त्यानं वाचून दाखवलं होतं. काय लिहिता हो तुम्ही! मरणच वेळेवर कसं कराल, या वाक्याला तर आम्ही पोट धरधरून..." आणि इथं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थांबले. चहा अर्धा टाकून गेले.

मी तुमच्यावर इतकी संतापले आहे की अक्षर नीट येत नाही. बघा. वाचता येत नसेल तर मेसमध्ये कुणाकडून वाचून घ्या.

ते पत्र मी कोठीघरात बसून लिहिलं होतं. माझे हात उघडे होते. तुम्ही जिवंत आहात की नाही ते मला ठाऊक नव्हतं, आणि रडले तर ते तुम्ही मेल्याचं कबूल केल्यासारखं होईल म्हणून मी थट्टा लिहिली. ती थट्टा तुम्ही शंभर पुरुषांना ऐकवलीत. आणि वर्षभर मला लिहीत राहिलात, सोडत नाहीत, सोडत नाहीत. तुम्हाला कुणी धरलंच नव्हतं! धरलं होतं ते त्या रानातल्या लोकांनी, आणि त्यांनीही सोडलं.

तुमच्या वडिलांना मी तुमच्या वतीनं खोटं सांगितलं. तुमच्या बहिणीच्या संसारासाठी मी कपाळ पुसलं. तुम्ही काय केलंत? मेल्याचा फायदा घेतलात. प्रायश्चित्त नको, बापाशी बोलायला नको, बायकोचा प्रश्न नको. त्या देशाचे तुकडे झाले ते तुम्हाला बरेच झाले, कुठलाही एक तुकडा तुम्हाला घरापेक्षा जवळचा झाला.

कटांगा मोडलं, युद्ध संपलं, तुमची सगळी पलटण परत येते आहे, असं पेपरात आहे. आता व्हॉलंटियर कशासाठी होणार? या. वडील वाट बघतायत. माझ्यासाठी येऊ नका.

वसुमती

*

महिला वसतिगृह, मल्लेश्वरम, बंगळूर
९ जून १९६३

श्री. प्राणेश नरसिंहराव यांस,
सप्रेम नमस्कार.

हो, नाव लिहिलं. पाच वर्षं 'अहो' लिहिलं, पण ते नवऱ्याला. शास्त्राप्रमाणे तुम्ही सध्या कुणाचे नवरे नाही, नुकतीच मुंज झालेले बटू आहात.

तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी पेटी घेऊन इथं राहायला आले. तूप, बारसं, मुंज सगळं यथासांग झालं, असं भीमाचार्य कळवून गेले. सत्यवती म्हैसूरहून आली होती, मामंजी चार घास जास्त जेवले, तुम्ही त्यांच्या पाया पडलात आणि ते तुमच्या गळ्यात पडून रडले. हे ऐकून मला मनापासून बरं वाटलं. त्या म्हाताऱ्यानं एक चूक केली आणि दीड वर्षं तिच्यात जळत होता. त्याला हे मिळायलाच हवं होतं.

गेल्या रविवारी तुम्ही इथल्या फाटकाशी आलात. केस काढलेले, उन्हानं काळवंडलेले. मला ओळखू येईपर्यंत क्षणभर लागला आणि ओळखल्यावर छातीत जे व्हायचं ते झालं, तेही लपवत नाही. तुम्ही पत्राबद्दल माफी मागितलीत. आणि म्हणालात, "वसुमती, घरी माझी क्रिया झाली हे वाचलं तेव्हा पहिल्यांदाच मला मोकळं वाटलं. आता कुणाचं काही देणं नाही, असं. मी तिथं थोडे दिवस तसाच राहिलो. त्यात तुझा विचारच केला नाही."

खरं बोललात. म्हणून मीही खरं सांगते. मोकळं मलाही वाटलं होतं. बस शहर ओलांडून कारखान्याकडे वळायची तेव्हा रोज वाटायचं. नवरा नाही, माहेर नाही, सासर नाही, हातात काम आहे. आणि त्याची मला इतकी लाज वाटायची की संध्याकाळी कुंकू पुसताना मी तुमच्या नावानं दुप्पट झुरायची. तुम्ही तुमचं मोकळेपण उपभोगलंत. मी माझं तुमच्यासाठी गुंडाळून ठेवलं. दोघांत फरक एवढाच, पण तो माझ्यानं विसरवत नाही.

काल भीमाचार्य इथं आले. आषाढ लागण्याआधीचा मुहूर्त काढलाय, मी आदल्या दिवशी चामराजपेटेला यायचं, साडी सत्यवतीनं आणली आहे. मी त्यांना म्हटलं, "आचार्य, हे लग्न नवं आहे ना?"

"हौदु अक्का, नवंच."

"आधीचं संपलं?"

"क्रियेबरोबर संपलं. म्हणून तर पुन्हा लावायचं."

"मग मुलीला विचारलंत का?"

त्यांनी पंचांग मिटलं. चांगला माणूस आहे. खाली बघून म्हणाले, "नाही की. विचारायला हवं होतं."

सरकारच्या कायद्यानं मी अजून तुमची बायको आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या बांगड्या काढल्या तेव्हा कुणी कायद्याचं पुस्तक उघडलं नव्हतं. शास्त्रानं मला विधवा केलं, शास्त्रानंच मी आता लग्नाची मुलगी आहे, आणि माझे वडील हयात नसल्यानं उत्तर मलाच द्यायचं आहे.

स्थळ नाकारताना 'पत्रिका जुळत नाही' असं कळवायची आपल्यात रीत आहे, कुणाचं मन दुखू नये म्हणून. आपल्या पत्रिका जुळतात. भीमाचार्यांनीच जुळवल्या होत्या. तेव्हा तसं लिहिता येत नाही.

मुलीला मुलगा पसंत नाही. साडी सत्यवतीला परत द्यावी, आणि मामंजींना माझा नमस्कार सांगावा.

वसुमती